बेरा सपाट, ओएई ठीक. खाली जे जुळत नाही ते वर कॉर्टेक्समध्ये कसं जुळणार?

सिंक्रोस्कोप

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगा साडेआठ महिन्यांचा. दिवस भरायच्या बऱ्याच आधी झाला, त्यात कावीळ चढली. निळ्या लाइटखाली ठेवून भागेना म्हणून रक्त बदलावं लागलं. डिस्चार्जच्या वेळी कानाची ओएई (नवजात बाळाच्या ऐकण्याची झटपट तपासणी) करून ‘पास’ अशी चिठ्ठी हातात दिली, त्यामुळे कान हा विषय आमच्यापुरता संपला होता. पुढे बायकोच्या लक्षात आलं की पातेलं पडलं तर हा दचकतो, पण मागून हाक मारली तर ढिम्म. आणि तेही रोज सारखं नाही. एखाद्या दिवशी वळतो, एखाद्या दिवशी नाही.

मग पुण्याला जाऊन बेरा केली, म्हणजे आवाज ऐकवून नसेची आणि मेंदूची वीज मोजायची चाचणी. रिपोर्टमध्ये लिहिलंय: दोन्ही कानांना ९० डेसिबलला पाचवी लहर मिळाली नाही, कॉक्लियर मायक्रोफोनिक आहे, ऑडिटरी न्यूरोपथी स्पेक्ट्रमचा संशय. तिथल्या मॅडमनी समजावलं की आवाज कानाच्या आतपर्यंत पोचतोय, पण नसेचे तंतू एकसाथ फायर होत नाहीत. आता मूल जागं असताना कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराची, चाचणी करायची म्हणतात. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही.

मी वीजघरात शिफ्टला असतो. मशीन ग्रिडला पॅरलल करणं हे रोजचं काम, त्यामुळे ‘सिंक्रोनाइझ’ हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर पॅनेलवरचा तो गोल फिरणारा काटा येतो. व्होल्टेज जुळवा, फ्रिक्वेन्सी जुळवा, काटा हळू फिरत बाराजवळ आला की ब्रेकर मारा. एकदा लागलं की ग्रिड मशीनला ओढून धरतो, सुटू देत नाही. मेंदूतही असंच काही होतं का? आणि मुख्य शंका अशी की नसेतच वेळ जुळत नसेल, तर त्याच नसेवर अवलंबून असलेल्या कॉर्टेक्समध्ये ती कशी जुळेल? मग ही चाचणी करून काय मिळवायचं? सगळं सपाटच येणार ना?

पोराला ऐकू येतं की नाही, एवढं एका वाक्यात कुणी सांगेल तर दंडवत घालीन. पण एका वाक्यात बसणारं हे प्रकरण दिसत नाही.

---

बेसूर_बंड्या

दादा, टेन्शन घेऊ नका. यूट्यूबवर ४० हर्ट्झचे बायनॉरल बीट्स मिळतात. हेडफोन लावून रोज अर्धा तास ऐकवा, मेंदूतले न्यूरॉन्स आपोआप सिंक होतात. माझ्या ओळखीतल्या एकांना झोपेसाठी फार फरक पडला.

---

श्रवणा_कोल्हापूर

बंड्याभाऊंचं नंतर बघू. सिंक्रोस्कोप, मी वाचाश्रवणतज्ज्ञ आहे, बेराच्या खोलीत बरीच वर्षं गेली आहेत. तुमचं मूल मी पाहिलेलं नाही, तेव्हा रिपोर्टवर मत देणार नाही. त्या आलेखात नेमकं काय असतं ते मात्र सांगते, कारण तुमच्या शंकेचं उत्तर तिथेच आहे.

बेरामध्ये कानात ‘टिक’ असा आवाज सोडतात. एका टिकेची लांबी सेकंदाचा दहा हजारावा भाग. अशा टिका साधारण दोन हजार, सेकंदाला वीसेक या वेगाने. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड. आता बघा, बाळाच्या मेंदूची स्वतःची विजेची हालचाल दहांच्या पटीत मायक्रोव्होल्टची, आणि आपल्याला हवी ती पाचवी लहर जेमतेम अर्ध्या मायक्रोव्होल्टची किंवा त्याहून बारीक. मग ती दिसते कशी? प्रत्येक टिकेनंतरचे दहा-पंधरा मिलिसेकंद कापून घ्यायचे, दोन हजार तुकडे एकावर एक ठेवायचे आणि सरासरी काढायची. जे टिकेशी बांधलेलं नाही ते कधी वर कधी खाली, त्यामुळे एकमेकांना खाऊन टाकतं. दोन हजारांच्या सरासरीत हा गोंगाट साधारण पंचेचाळीस पटींनी खाली बसतो. जे दर वेळी त्याच क्षणी होतं तेवढंच उरतं.

म्हणजे या आलेखात दिसायचं तर दोन अटी. हजारो तंतूंनी एकमेकांबरोबर फायर व्हायचं, आणि दर टिकेला तितक्याच वेळाने व्हायचं. पाचवी लहर मोठ्या माणसात साधारण साडेपाच मिलिसेकंदांना येते, तान्ह्या मुलात थोडी उशिरा. तिचा चढ आणि उतार मिळून मिलिसेकंदभराचा खेळ. तंतूंची वेळ एक-दोन मिलिसेकंदांनी जरी इकडेतिकडे झाली तरी एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि बेरीज शून्य. तुम्ही इंजिनियर आहात, कागदावर दोन साइन वेव्ह अर्ध्या सायकलने सरकवून बेरीज करून बघा, बाकी काही समजवायला नको. सपाट बेरा म्हणजे नस गप्प आहे असं नाही. नस बोलत असेल, पण एका आवाजात बोलत नाही.

रिपोर्टमधलं कॉक्लियर मायक्रोफोनिक म्हणजे कानाच्या शंखातल्या केसपेशींची वीज. ती आवाजाच्या लाटेची हुबेहूब नक्कल करते. टिकेचा दाब उलटा केला की तीही उलटी होते, नसेचा प्रतिसाद मात्र उलटत नाही. म्हणून आम्ही दोन्ही दाबांच्या टिका वेगवेगळ्या घेऊन आलेख एकावर एक ठेवतो. आरशात पाहिल्यासारखे दिसले तर मायक्रोफोनिक. मग कानातल्या नळीला चिमटा लावून पुन्हा घ्यायचं. आवाज बंद, मशीन चालू. आता ती लाट गेली पाहिजे. गेली नाही तर ती कानातून नव्हे, वायरीतून येत होती. हा चिमटा लावलेला आलेख तुमच्या फाइलमध्ये आहे का ते जरूर बघा. नसेल तर मागा.

ओएई पास कशी झाली? ती फक्त बाहेरच्या केसपेशी तपासते, नसेपर्यंत जातच नाही. म्हणून तर अमेरिकेच्या जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंगने २००७ सालीच म्हटलं होतं की पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळांची तपासणी बेरानेच करावी. रक्त बदलावं लागलेल्या बाळाला नुसती ओएई करून ‘पास’ची चिठ्ठी देणं मला पटत नाही, पण हे आपल्याकडे सर्रास चालतं.

आता वर जाऊ. कॉर्टेक्सची जी लहर आम्ही शोधतो तिला पी-वन म्हणतात. तान्ह्या मुलात ती २००-३०० मिलिसेकंदांच्या घरात येते, वय वाढतं तशी अलीकडे सरकते, मोठ्या माणसात साठेकला येते. तिची रुंदी? दहांच्या पटीत मिलिसेकंद. कारण ही लहर नसेतल्या एकेका ठिणगीची नसते. कॉर्टेक्समधल्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी शेजारी-शेजारी उभ्या असतात, त्यांच्यावर येणाऱ्या संदेशांचे सावकाश चढणारे-उतरणारे प्रवाह एका दिशेने साचतात, ते आपण टाळूवर (डोक्यावर) मोजतो. इतक्या रुंद लहरीत खालून आलेला एक-दोन मिलिसेकंदांचा घोळ कुठल्या कुठे मुरून जातो.

म्हणजे वर काही चमत्काराने जुळत नाही. वर इतकं बारीक जुळावं लागतच नाही. मेलबर्नच्या गॅरी रॅन्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अशाच मुलांवर काम प्रसिद्ध केलं. सुमारे निम्म्या मुलांमध्ये कॉर्टेक्सचा प्रतिसाद व्यवस्थित मिळाला, आणि ज्यांना मिळाला त्यांची बोलणं समजण्याची क्षमता उरलेल्यांपेक्षा चांगली होती. तुमच्या मॅडमना हेच बघायचं असणार. बेरा सपाट असलेली दोन मुलं माझ्यासमोर बसतात, एक नुसतं श्रवणयंत्र लावून बोलायला लागतं, दुसऱ्याला इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचं यंत्र) लागतं. बेराच्या आलेखावरून कुठलं कोणतं ते कळत नाही, दोघांचे आलेख सारखेच सपाट. म्हणून वरची चाचणी.

---

सिंक्रोस्कोप

मॅडम, फार आभार. चिमट्याचा आलेख फाइलमध्ये आहे, त्यावर पेनाने ‘नळी बंद’ असं लिहिलंय, आणि ती रेघ सरळ आहे. म्हणजे वायरीतून आलेलं नाही. रात्री हे बघताना पहिल्यांदा वाटलं की रिपोर्ट आपल्याला वाचता येतोय.

आता पुढचं डोक्यात बसलंय. रुंद लहर असली तरी ती दिसायला कॉर्टेक्सच्या लाखो पेशी बरोबर चालल्या पाहिजेतच ना? त्या कशा जुळतात? एकमेकींना ओढून धरतात, ग्रिडसारख्या? की खालून जे येतं त्यावर नुसत्या नाचतात?

---

तिसरा_थर

मी ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून मोजलेल्या मेंदूच्या विजेवर, संशोधन करतो, श्रवण हाच विषय. सिंक्रोस्कोप, तुम्ही सहज विचारलेला प्रश्न आमच्या क्षेत्रातलं चालू भांडण आहे. ‘ओढून धरतात’ वाले एका बाजूला, ‘नाचतात’ वाले दुसऱ्या बाजूला, आणि पेपरवर पेपर.

आधी ज्यावर वाद नाही ते. श्रवणनसेचे तंतू आवाजाच्या प्रत्येक कंपनाशी वेळ जुळवू शकतात, साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत. एकच तंतू सेकंदाला चार हजार वेळा फायर होत नाही. कधी या कंपनाला हा, कधी त्या कंपनाला तो, पण होतो तेव्हा कंपनाच्या ठरावीक टप्प्यावर. जसजसं वर जावं तसतशी ही मर्यादा घसरत जाते. प्राथमिक श्रवण कॉर्टेक्स कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या खोल घडीत दडलेल्या हेशल्स जायरसवर असतो. तिथे पोचेपर्यंत बहुतेक पेशींना सेकंदाला चाळीस-पन्नास ठोक्यांच्या पुढे पाठलाग जमत नाही.

मग जलद आवाजांचं काय? जॉन्स हॉपकिन्सला शियाओचिन वांग यांच्या गटाने २००१ मध्ये मार्मोसेट माकडांवर केलेलं काम मला अजून आवडतं. माकडं जागी होती, हे महत्त्वाचं, कारण भूल दिली की कॉर्टेक्स वेगळाच वागतो. त्यांनी टिकांच्या माळा ऐकवल्या. दोन टिकांमधलं अंतर वीस-पंचवीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त असलं की काही पेशी प्रत्येक टिकेला बरोबर ठिणगी टाकतात. अंतर त्याहून कमी झालं की या पेशी पाठलाग सोडून देतात, आणि दुसऱ्याच पेशी पुढे येतात. या दुसऱ्या पेशी टिकेशी वेळ जुळवायच्या फंदात पडत नाहीत. टिका जितक्या जवळ तितक्या जास्त वेगाने फायर होतात, बस. संथ गोष्ट वेळेने सांगायची, जलद गोष्ट संख्येने. एकाच कॉर्टेक्समध्ये दोन हिशेब.

दुसरा प्रयोग थेट तुमच्या ‘जुळणं’ या मुद्द्यावरचा. डीचार्म्स आणि मर्झेनिक, १९९६, तेही मार्मोसेटच. एकच सूर लांबवर धरून ठेवला. सुरुवातीला पेशींनी जोरात फायर केलं आणि मग त्यांचा वेग जवळजवळ शांततेत असतो तेवढ्यावर आला. एकेका पेशीचा आकडा बघितला तर वाटावं, सूर थांबला. पण दोन ठिकाणच्या पेशींच्या ठिणग्या एकमेकींच्या तुलनेत कधी पडतात हे बघितलं तेव्हा ती जुळणी सूर चालू असेपर्यंत वाढलेलीच होती. वेग बदलला नाही, आपसातली वेळ बदलली. म्हणजे ‘सूर अजून चालू आहे’ ही बातमी किती वेळा फायर झाले यात नव्हती, बरोबर कोण होतं यात होती.

वेळ इतकी नेमकी राहते कशी? एक कारण ब्रेक. आवाज आला की कॉर्टेक्सच्या पेशीला चेतवणारा संदेश मिळतो आणि पाठोपाठ, काहीच मिलिसेकंदांत, तिला गप्प करणारा संदेशही मिळतो. वेर आणि झेडॉर यांनी २००३ मध्ये उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांत, पेशीच्या आतून मोजून हे दाखवलं. पेशीला फायर व्हायला मधली ती अरुंद फट मिळते. त्या फटीत झालं तर झालं, नाहीतर गाडी चुकली. सगळ्यांना तीच फट, म्हणून सगळे बरोबर. यात कुणी कुणाला ओढत नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो.

आता भांडण. १९८१ मध्ये गॅलम्बॉस आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की सेकंदाला ४० या वेगाने आवाज ऐकवला की टाळूवर ४० हर्ट्झची ठसठशीत लाट मिळते, इतर वेगांना इतकी नाही. ‘ओढून धरतात’ वाले म्हणतात, कॉर्टेक्समध्ये त्या आसपासचं स्वतःचं आंदोलन आहेच, आवाजाने ते पकडलं जातं. ‘नाचतात’ वाले म्हणतात, छे. एका टिकेला मिळणाऱ्या प्रतिसादातच मुळी २५ मिलिसेकंदांच्या अंतराने उंचवटे असतात. टिकाही २५ मिलिसेकंदांनी आल्या की एकीचा दुसरा उंचवटा पुढचीच्या पहिल्यावर बसतो, लाट फुगते. नुसती बेरीज.

कोण खरं हे तपासायची एक पद्धत तुम्हाला लगेच पटेल. आवाज बंद करा आणि बघा. तुमचं मशीन ग्रिडपासून सुटलं तरी फिरत राहतं, आपल्या वेगाने. कॉर्टेक्सचं स्वतःचं आंदोलन पकडलं गेलं असेल तर आवाज थांबल्यावरही दोन-चार फेरे चालू दिसायला हवेत. काही प्रयोगांत दिसतात, विशेषतः संथ लयींना. काहींत दिसत नाहीत. माझं मत विचाराल तर ४० हर्ट्झच्या बाबतीत बेरीजवाल्यांचं पारडं जड आहे, आणि बोलण्याच्या संथ लयीत थोडं ओढणंही असावं. माझे गाइड यावर माझ्याशी वाद घालतात.

आता बोलण्याची लय. कुठलीही भाषा घ्या, माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. त्या चढ-उताराशी श्रवण कॉर्टेक्स वेळ जुळवतो. ल्वो आणि पोपेल यांनी २००७ मध्ये दाखवलं की ४ ते ८ हर्ट्झमधल्या लाटेचा टप्पा कधी कुठे होता एवढ्यावरून माणसाने कोणतं वाक्य ऐकलं हे ओळखता येतं. सिंक्रोस्कोप, मुलाच्या बाबतीत हा भाग कामाचा आहे. चार-पाच हर्ट्झ म्हणजे एका फेऱ्याला दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद. तिथे नसेतला एक-दोन मिलिसेकंदांचा घोळ किस झाड की पत्ती.

---

श्रवणा_कोल्हापूर

तिसरा_थर, छान लिहिलंत. एक पुस्ती जोडते. ४० हर्ट्झचा प्रतिसाद झोपेत दबतो आणि तान्ह्या मुलांमध्ये भरवशाचा नसतो. म्हणून झोपलेल्या बाळाची एएसएसआर (ठरावीक लयीत आवाज ऐकवून किती डेसिबलला प्रतिसाद येतो ते मोजायची चाचणी) करताना आम्ही ८० ते १०० हर्ट्झ वापरतो, तो प्रतिसाद मुख्यतः मेंदूच्या देठातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून, येतो. पालकांना एएसएसआरचा कागद मिळतो, त्यावर डेसिबलचे आकडे असतात आणि ते बघून ‘एवढं एवढं ऐकू येतं’ असा निष्कर्ष काढला जातो. ऑडिटरी न्यूरोपथीत त्या आकड्यांवर विसंबू नये. तीही जुळणीवरच उभी असलेली चाचणी आहे.

---

चिमणीची_आई

मी डॉक्टर नाही, पण माझी मुलगी याच निदानाची आहे. आता पहिलीत आहे. तिचंही जन्मानंतर काविळीचंच कारण होतं.

सिंक्रोस्कोप भाऊ, ‘एखाद्या दिवशी वळतो, एखाद्या दिवशी नाही’ हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, पोरगी नाटकी आहे, मनात असलं की ऐकते. तसं नसतं हो. पंखा चालू, टीव्ही चालू, पाण्याची मोटर चालू की हिचं ऐकणं संपलं. शांत खोलीत समोर बसून बोललं की बरंच कळतं.

हिचं एक अजून. लय आणि चाल पटकन उचलते. आरतीला टाळ्या अगदी बरोबर. ‘जेवायला चल’ आणि ‘फिरायला चल’ यातला फरक कळतो. पण काल, खाल, गाल हे तिन्ही तिला एकच. ‘गाल दाखव’ म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत बसायची, ओठ वाचायला. पण या शब्दांत ओठ सारखेच हलतात, वाचणार काय? असं का होतं ते मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. इथे कुणी सांगेल का?

---

श्रवणा_कोल्हापूर

चिमणीची आई, तुम्ही दिलेलं उदाहरण वर्गात शिकवावं असं आहे.

तिन्हींत जीभ एकाच जागी टेकते आणि सुटते. फरक फक्त कंठाची थरथर कधी सुरू होते यात. ‘ग’ला जीभ सुटायच्या आधीच थरथर चालू असते. ‘क’ला जीभ सुटते आणि थरथर लगेच पाठोपाठ येते. ‘ख’ला जीभ सुटते, मग हवेचा झोत, आणि थरथर बऱ्याच मिलिसेकंदांनी उशिरा. म्हणजे तीन अक्षरं, आणि फरक फक्त घड्याळाचा. न्यूयॉर्कच्या मिचेल स्टाइनश्नायडर यांनी माकडांच्या प्राथमिक श्रवण कॉर्टेक्समध्ये इलेक्ट्रोड ठेवून इंग्रजीतले ‘डा’ आणि ‘टा’ ऐकवले. ‘डा’ला पेशींचा एकच एकत्रित स्फोट मिळाला. ‘टा’ला दोन, एक जीभ सुटल्याचा आणि दुसरा थरथर सुरू झाल्याचा. पुढे माणसाच्या हेशल्स जायरसमध्येही असंच आढळलं. ‘क’ आणि ‘ख’मध्ये तत्त्व हेच.

आता तुमच्या चिमणीच्या नसेतून या दोन घटना विस्कटून वर येतात. दोन स्फोट एकमेकांत मिसळले की कॉर्टेक्सला एकच लांबट ढेकूळ दिसतं. आवाजात छोटा खंड पडला तर तो ओळखणं या मुलांना जड जातं, हेही मोजलेलं आहे. वाक्याची लय दोनशे मिलिसेकंदांवर चालते, ती शाबूत राहते. व्यंजनाचा फरक वीस-तीस मिलिसेकंदांवर, तो पुसट होतो. आणि खाली पुसलं गेलेलं वर पुन्हा काढता येत नाही, कॉर्टेक्स कितीही हुशार असला तरी.

गोंगाटाचंही तेच. पंख्याची घरघर अक्षरांमधल्या दऱ्या भरून काढते. नसेकडून आधीच पुसट चढ-उतार येत असतात, त्यात दऱ्याही बुजल्या की पकडायला काही उरत नाही. शाळेत शिक्षिकेच्या गळ्यात माइक आणि मुलीच्या यंत्रात थेट आवाज, अशी सोय मिळते. ती केली नसेल तर आधी ती करा.

---

सिंक्रोस्कोप

आता थेट विचारतो. इम्प्लांट बसवलं तर नसेची वेळ जुळते का?

---

श्रवणा_कोल्हापूर

बिघाड कुठे आहे त्यावर आहे.

केसपेशीकडून नसेकडे संदेश देण्यात खोट असेल तर इम्प्लांट तो टप्पाच ओलांडून थेट नसेला विजेचा ठोका देतं. ठोका सगळ्या तंतूंना एकदम बसतो, त्यामुळे जुळणी आपोआप येते. ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेली मुलं या गटात येतात, त्यांचं इम्प्लांटनंतर सहसा चांगलं होतं. त्याच दोषावर जनुकीय उपचार करून चीनमधल्या सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागल्याचं २०२४ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये आलं. पण तुमच्या मुलात कारण कावीळ दिसतं, तेव्हा त्या बातम्यांच्या मागे लागू नका. नस मुळातच बारीक असेल किंवा नसेलच तर इम्प्लांटचा भरवसा कमी, म्हणून आधी एमआरआय.

काविळीच्या मुलांबाबत घाई नको. यातल्या काहींची बेरा पहिल्या वर्षा-दीड वर्षात आपोआप सुधारते. दर काही महिन्यांनी पुन्हा करायची आणि मुलाचं वागणं लिहून ठेवायचं. घाई नको म्हणजे स्वस्थ बसा असं मात्र नाही. कॉर्टेक्सला लहानपणी आवाज मिळाला नाही तर तो पुढे जुळवून घेत नाही. जन्मतः बहिऱ्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर पी-वन वयाप्रमाणे जागेवर येते, सात वर्षांनंतर झालं तर सहसा येत नाही, हे अनु शर्मा यांच्या कोलोरॅडोच्या गटाने दाखवलंय. हातात वेळ आहे, पण मोजका.

---

बेसूर_बंड्या

माझ्या बीट्सबद्दल कुणीच बोललं नाही.

---

तिसरा_थर

बोलतो. बायनॉरल बीट्ससाठी दोन कानांत दोन वेगळे सूर देतात आणि त्यांच्या फरकाची आंदोलनं मेंदूच्या देठात तयार होतात. त्याला दोन्ही नसांची वेळ अतिशय नेमकी लागते. या बाळाची नेमकी तीच बिघडलेली आहे. म्हणजे औषध पोचायचा रस्ताच बंद.

४० हर्ट्झची जी हवा आहे ती एमआयटीच्या ली-ह्वेई त्साई यांच्या कामामुळे. २०१६ मध्ये प्रकाश, २०१९ मध्ये आवाज, आणि तेही अल्झायमरचे बदल केलेल्या उंदरांवर. प्रकाशाच्या प्रयोगात मेंदूचं स्वतःचं आंदोलन पकडलं जात नाही असं न्यूयॉर्कचे मेंदूसंशोधक ग्योर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये छापलं. तान्ह्या मुलाच्या श्रवणनसेशी याचा काडीचा संबंध नाही. आणि आठ महिन्यांच्या बाळाला अर्धा तास हेडफोन कुणीही लावू नये.

---

बेसूर_बंड्या

बरं. झोपेसाठी मी ऐकत राहतो.

---

सिंक्रोस्कोप

बंड्याभाऊ, हक्काने ऐका!

मॅडम, मंगळवारची वेळ मिळाली आहे. तयारी काय करू? बेराला झोपेचं सिरप दिलं होतं, तसंच द्यायचं का? आणि त्या खोलीच्या भिंतीलगत एसीचं मोठं युनिट आहे. आमच्याकडे पन्नास हर्ट्झ कुठेही शिरतं, तुमच्या आलेखात शिरत नाही का?

---

श्रवणा_कोल्हापूर

शिरतं तर! पन्नास हर्ट्झ आमचा जन्माचा वैरी. इलेक्ट्रोडखालची त्वचा नीट घासली नसेल आणि दोन इलेक्ट्रोडचा रोध वेगवेगळा असेल तर ते हमखास घुसतं. जेलने घासताना बाळ रडेल, घासू द्या. मोबाइल खोलीबाहेर. एसीबद्दल आधीच विचारा, चाचणीपुरता बंद ठेवतात.

सिरप अजिबात नको. बेराला झोप चालते, कॉर्टेक्सच्या चाचणीला बाळ जागं आणि शांत हवं. झोपेत ही लहर बदलते आणि नसलेली समजली जाऊ शकते. त्याची सकाळची झोप प्रवासात होऊ द्या, पोट भरून न्या, मांडीवर घ्या. आवाज न करणारं एखादं खेळणं न्या, खुळखुळा नको. समोर कुणीतरी ते हलवत राहील. ‘म’, ‘ग’, ‘त’ असे छोटे आवाज स्पीकरमधून येतील, एका सेकंदाहून जास्त अंतराने. इतकं संथ, कारण कॉर्टेक्सला एका प्रतिसादानंतर सावरायला वेळ लागतो. वळवळ केली की तेवढे तुकडे टाकून द्यावे लागतात, म्हणून तासभर धरून चाला. कंटाळला तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा, तसंच रेटू नका. त्या दिवशी लहर दिसली नाही तरी लगेच खचू नका, एका बैठकीवर हा निर्णय होत नाही.

आणि एनआयसीयूच्या फाइलमधून बिलिरुबिनचे (रक्तातल्या काविळीचे) तारीखवार आकडे काढून न्या. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा फक्त सर्वांत शेवटचा आकडा असतो.